एक जुनी बँक आणि तीस गाड्यांची जागा



पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारे, किंवा ती पास होऊन आता "विषय काय घेऊ?" या प्रश्नाशी येऊन अडलेले बरेच जण हा ब्लॉग वाचतात. त्यांच्या मेसेजमधले विषय बहुतेक वेळा अवाढव्य असतात. 'शहरीकरण आणि पर्यावरण', 'वारसा जतन : एक अभ्यास' वगैरे. असे विषय वाईट नाहीत, पण त्यात हात कुठून घालायचा तेच कळत नाही. म्हणून आज अगदी उलट टोकाचा विषय घेतलाय, इतका बारीक की ऐकून हसू येईल.

अमेरिकेतल्या एखाद्या शहराची जुनी बाजारपेठ डोळ्यांसमोर आणा. तिथे शंभर वर्षांपूर्वी बांधलेली बँकेची इमारत आहे. बँक केव्हाच गेली, वरचे मजले रिकामे आहेत. नव्या मालकाला तळमजल्यावर रेस्टॉरंट काढायचंय. इमारत दणकट आहे, रेस्टॉरंटला त्या भागात परवानगी आहे, पैसेही उभे राहतील. तरीसुद्धा त्याला नगरपालिकेच्या एका बोर्डासमोर उभं राहून विनंती करावी लागते, की मला गाड्या लावायच्या जागेच्या नियमातून सवलत द्या. या सवलतीला तिकडे 'व्हेरिअन्स' म्हणतात. ही सवलत मागायची वेळ का येते, ती कोण देतं, आणि नाही दिली तर काय होतं, एवढंच आज बघायचंय.

मी एम.एस्सी. संख्याशास्त्रात केलं, त्यामुळे कायद्याच्या आधी मला आकडे दिसतात. तर सुरुवात आकड्यांपासूनच.

आधी थोडं गणित

अमेरिकेतल्या बहुतेक शहरांच्या नियमावलीत एक लांबलचक कोष्टक असतं. कुठल्या वापरासाठी किती गाड्यांची जागा मालकाने स्वतःच्या हद्दीत ठेवायची, ते त्यात लिहिलेलं असतं. (आपल्याकडच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही पार्किंगचं कोष्टक आहेच, ज्यांनी नगररचनेचं काही वाचलंय त्यांना ओळखीचं वाटेल.) रेस्टॉरंटसाठी अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं चालत आलेलं प्रमाण म्हणजे दर १०० चौरस फुटांमागे एक गाडी.

समजा आपल्या बँकेचा तळमजला ३,००० चौरस फुटांचा आहे. म्हणजे ३० गाड्या. एक गाडी लावायला, तिला आत-बाहेर करायला लागणाऱ्या रस्त्यासकट, साधारण ३०० ते ३३० चौरस फूट लागतात. वरचा आकडा धरला तर ३० गुणिले ३३०, म्हणजे ९,९०० चौरस फूट. जेवणाऱ्यांना जेवढी जागा, तिच्या तिपटीहून जास्त त्यांच्या गाड्यांना.

आता ही जागा आणायची कुठून? जुन्या बाजारपेठेतली इमारत आपल्या प्लॉटच्या चारही कडांना भिडलेली असते. समोर फूटपाथ, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती, मागे गल्ली. ती बांधली तेव्हा माणसं ट्रामने किंवा चालत येत. तिथे ९,९०० चौरस फूट मोकळे करायचे तर मार्ग एकच: शेजारची इमारत विकत घ्यायची आणि पाडायची. जुनी बाजारपेठ वाचवण्यासाठी आलेल्या माणसाला नियमच सांगतो, की तुझ्या इमारतीत जीव आणायचा असेल तर शेजारची आडवी कर.

यात एक बारकावा आहे. इमारत जुन्याच वापरात राहिली तर सहसा कोणी काही विचारत नाही. नियम यायच्या आधीपासून जे चालू होतं ते तसंच चालू ठेवायचा हक्क कायद्यात मान्य आहे. अडचण सुरू होते ती वापर बदलला की. बँकेची बँक ठेवा, शून्य गाड्या चालतील. तिचं रेस्टॉरंट करा, तीस गाड्या दाखवा. काही शहरं जुन्या वापरासाठी जेवढ्या गाड्या लागल्या असत्या तेवढ्या वजा करतात. दर ५०० चौरस फुटांमागे एक धरली तर सहा वजा होऊन चोवीस उरतात. चोवीस तरी कुठून आणणार? म्हणजे नियमाच्या दृष्टीने सगळ्यात सोयीचं काय, तर इमारत जशी आहे तशी रिकामी पडू देणं.

हा नियम आला कुठून?

सुरुवातीला लोकांनी उलटा उपाय करून पाहिला होता. एप्रिल १९२० मध्ये लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेने शहराच्या मध्यवर्ती भागात दिवसभराच्या कामाच्या वेळात रस्त्यावर गाडी उभी करायला बंदी घातली. ट्रामगाड्या गाड्यांच्या गर्दीत अडकून पडत होत्या, त्या सुटल्या. पण दुकानदारांची विक्री पडली, आणि मोटारमालकांनी गाड्यांचा मोर्चाच काढला. त्यात क्लॅरा किम्बॉल यंग ही मूकपटांतली गाजलेली नटीही होती. तीन आठवड्यांच्या आत परिषदेने माघार घेतली आणि बंदी संध्याकाळच्या गर्दीपुरती उरली. गाडीवाल्यांना दुखवून शहराच्या मध्यभागात काही करता येत नाही, हा धडा तिथल्या राजकारण्यांनी त्या महिन्यातच घेतला असावा, असं मला वाटतं.

मग दुसरी वाट निघाली. रस्त्यावर जागा नाही ना, मग ती इमारतीच्या मालकाने आपल्या पदरची द्यावी. १९२३ मध्ये ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराने फ्लॅटच्या इमारतींना अशी अट घातली. या प्रकारची ही पहिली अट मानली जाते. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोने ती रुग्णालयं आणि मुक्कामाच्या हॉटेलांना लावली. मधल्या काळात, जुलै १९३५ मध्ये, ओक्लाहोमा सिटीत पहिलं पार्किंग मीटर बसलं. कार्ल मगी या पत्रकाराची ती कल्पना. तासाला पाच सेंट. म्हणजे रस्त्यावरच्या जागेची किंमत लावायचा उपाय त्याच सुमारास हाताशी आला होता. पण गावोगाव पसरली ती मालकाच्या डोक्यावर टाकलेली अट. १९४६ मध्ये ७६ शहरांची पाहणी झाली तेव्हा १७ टक्के शहरांच्या नियमावलीत ती होती. पाच वर्षांनी ७१ टक्के शहरांत ती आली होती किंवा येऊ घातली होती. पाच वर्षांत १७ वरून ७१! महायुद्ध संपलेलं, घरटी गाडी येऊ लागलेली, माणसं उपनगरांत निघालेली. जुन्या बाजारपेठांना आपलं गिऱ्हाईक हातचं जाताना दिसत होतं आणि मोकळं पार्किंग हाच त्यावरचा इलाज वाटत होता.

आता आकडे कसे ठरले ते बघा, कारण संशोधनाला बसणाऱ्याने हा भाग नीट वाचावा असा आहे. डॉनल्ड शूप नावाचे कॅलिफोर्निया विद्यापीठातले (लॉस एंजेलिसचे) प्राध्यापक होते. २०२५ मध्ये ते गेले. आयुष्याची कित्येक वर्षं त्यांनी फक्त पार्किंगवर घालवली आणि २००५ मध्ये 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. नगररचनाकार ज्या तांत्रिक पुस्तिकेतून आकडे उचलत, ती त्यांनी उघडून पाहिली. १९८७च्या आवृत्तीत गाडीतूनच ऑर्डर घेणाऱ्या फास्ट फूड दुकानांचं एक पान आहे. १८ ठिकाणच्या नोंदी. एका बाजूला दुकानाचं क्षेत्रफळ, दुसऱ्या बाजूला गर्दीच्या वेळी उभ्या असलेल्या गाड्या. त्यावरून काढलेली सरासरी: दर १,००० चौरस फुटांमागे ९.९५ गाड्या. आणि त्याच पानावर छापलेला आर-स्क्वेअर: ०.०३८.

ज्यांनी रिग्रेशन शिकलंय ते इथे थबकले असतील. बाकीच्यांसाठी सोप्या भाषेत सांगते. दुकान लहान-मोठं असण्यावरून गाड्यांच्या संख्येतल्या फरकाचा चार टक्केसुद्धा उलगडा होत नाही. म्हणजे क्षेत्रफळाचा आणि गाड्यांचा या नोंदींत संबंध जवळजवळ दिसतच नाही. तरी सरासरी मात्र दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत नेमकी छापलेली. शिवाय अशा नोंदी मुख्यतः उपनगरांतल्या, जिथे बस नाही आणि पार्किंग फुकट आहे अशा ठिकाणांच्या. तिथली सर्वाधिक गर्दीची वेळ मोजायची, त्यावरून प्रमाण काढायचं, आणि ते बसच्या थांब्यासमोर उभ्या असलेल्या शंभर वर्षांच्या बँकेला लावायचं. हे शूपना खटकलं, आणि खटकलं म्हणूनच पुस्तक झालं. मला त्यांच्या कामातली आवडणारी गोष्ट ही, की त्यांनी नवी माहिती गोळा करायच्या आधी जुनी छापील माहिती काळजीपूर्वक वाचली. ते पान सगळ्यांसमोर होतं.

सवलत देणारं बोर्ड

आता व्हेरिअन्सकडे येऊ. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये शहरभर लागू होणारी झोनिंगची नियमावली केली होती. पुढे हर्बर्ट हूवर अमेरिकेचे वाणिज्य मंत्री असताना त्यांच्या खात्याने राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार केला, आणि बहुतेक राज्यांनी तो थोड्याफार फरकाने उचलला. १९२६ मध्ये युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगला घटनात्मक मान्यता दिली.

नमुना कायदा करणाऱ्यांना एक भीती होती. सगळ्या प्लॉटना एकच नियम लावला की एखाद्या विचित्र प्लॉटचं नुकसान होणार, तो मालक कोर्टात जाणार, आणि कोर्टाने चिडून सगळी नियमावलीच उडवली तर? म्हणून त्यांनी प्रेशर कुकरला असते तशी एक शिट्टी ठेवली. स्थानिक लोकांचं एक अपील बोर्ड असेल. एखाद्या जागेच्या खास परिस्थितीमुळे नियम अक्षरशः लावला तर मालकावर अकारण संकट येत असेल, आणि सवलत दिल्याने सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल, तर बोर्ड तेवढ्यापुरता नियम सैल करू शकेल. अट अशी, की संकट त्या जमिनीच्या किंवा इमारतीच्या गुणामुळे आलेलं पाहिजे. "मला नफा कमी होतो" हे कारण चालत नाही. आणि एकदा मिळालेली सवलत साधारणपणे जागेला चिकटते, मालकाला नाही. उद्या इमारत विकली तरी ती नव्या मालकाकडे जाते. शेजारी एवढ्या तावातावाने सुनावणीला येतात त्यामागे हेही कारण आहे.

कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात बोर्डावर बसणारे गावातलेच व्यापारी, वकील, दलाल. अर्जदार ओळखीचा. १९६२ मध्ये जेसी ड्यूकमिनियर आणि क्लाइड स्टेपल्टन यांनी केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या बोर्डाचा अभ्यास प्रसिद्ध केला. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी त्याला अंदाधुंद कारभाराचा नमुना म्हटलं. कायद्याने सांगितलेल्या कसोट्या लावल्याच जात नव्हत्या आणि सवलती मात्र सुटत होत्या. दोघांनी काय वापरलं? बोर्डाच्या फायली. एका मध्यम शहराच्या एका बोर्डाच्या. साठ वर्षांनंतरही तो लेख उद्धृत होतो.

याचा पुढचा टप्पा १९७४चा, पुन्हा लॉस एंजेलिसचा. टोपांगा खोऱ्यात फिरत्या घरांची वसाहत करायला काउंटीने सवलत दिली होती, रहिवाशांच्या संघटनेने आव्हान दिलं, आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत टिकू दिली नाही. न्यायमूर्ती मॅथ्यू टोब्रिनर यांच्या निकालाचा मथितार्थ असा: बोर्डाने समोर आलेला पुरावा आणि आपला अंतिम निर्णय यांच्या मध्ये तर्काचा पूल बांधून दाखवला पाहिजे. जागा चांगली आहे, प्रकल्प छान आहे, शहराला फायदा आहे, एवढ्याने भागत नाही. ही जागा आजूबाजूच्या जागांपेक्षा वेगळी कशी, ते सांगा. तुमच्या प्रबंधाचं 'निष्कर्ष' प्रकरण लिहिताना हा निकाल टेबलावर ठेवायला हरकत नाही.

पण गंमत बघा. हीच कडक कसोटी जुन्या बाजारपेठेतल्या बँकेला लावली तर काय होतं? बँक म्हणते, माझ्या प्लॉटवर गाडीला जागा नाही. बोर्ड विचारतं, शेजाऱ्याकडे आहे का? त्याच्याकडेही नाही. त्याच्या शेजाऱ्याकडे? तिथेही नाही. सगळी बाजारपेठच तशी आहे! मग तुमची परिस्थिती 'खास' कशी? जिथे अडचण सगळ्यांचीच आहे तिथे व्हेरिअन्सचं तर्कशास्त्र लंगडं पडतं, कारण ते एकट्या विचित्र प्लॉटसाठी बनवलं होतं. अडचण सगळ्यांची असेल तर नियम बदला, सवलती वाटू नका, असं कायदा म्हणतो. आणि ते चूक नाही. त्यात शेजारी दुसरा मुद्दा काढतो: इमारत घेताना याला माहीत नव्हतं का, की पार्किंग नाही? स्वतःहून ओढवून घेतलेल्या संकटाला सवलत का द्यायची?

राज्याराज्यांनी यातून आपापल्या वाटा काढल्या. न्यूयॉर्क राज्यातली वाट मला विशेष वाटते. तिथे सवलतीचे दोन प्रकार आहेत. मनाई असलेला वापर करू देणारी सवलत फार कठीण. मोजमापाच्या नियमातली सवलत त्या मानाने सोपी. दुसऱ्या प्रकारात बोर्डाने अर्जदाराचा फायदा आणि परिसराचा तोटा पाच मुद्द्यांवर तोलायचा असतो, आणि 'संकट स्वतः ओढवलं' हा त्यातला फक्त एक मुद्दा, तोही निर्णायक नाही. मग पार्किंग कुठल्या खात्यात? हा प्रश्न २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेला. नॉर्थ हेम्पस्टेड टाउनमधल्या एका बाजाररस्त्यावर, स्वतःचं पार्किंग नसलेल्या रिकाम्या दुकानात रेस्टॉरंट काढायचं होतं. बोर्डाने सवलत दिली, शेजारच्या मालमत्तेचा मालक कोर्टात गेला. कोर्टाने सांगितलं: रेस्टॉरंटला तिथे मुळात परवानगी आहे ना? मग पार्किंगची सवलत ही मोजमापाचीच सवलत. म्हणजे सोप्या खात्यात. अशा किती रिकाम्या दुकानांचं भवितव्य या वर्गीकरणावर अवलंबून असेल!

सवलत मिळते तीही अटींसकट मिळते. जवळच्या खाजगी वाहनतळावर अमुक जागा करार करून घ्या. दिवसा चालणाऱ्या कार्यालयाच्या जागा रात्री रेस्टॉरंटने वापराव्यात. किंवा जागेऐवजी पालिकेच्या निधीत पैसे भरा. या अटी वाचणं हा वेगळाच आनंद आहे, कारण कोष्टकात नसलेलं शहर तिथे दिसतं.

सवलत मिळाली नाही तर

सिएटलमध्ये पायोनियर स्क्वेअर हा शहराचा सगळ्यात जुना भाग. तिथलं १८९० च्या सुमाराचं सिएटल हॉटेल १९६१ मध्ये पाडलं आणि त्या त्रिकोणी जागेवर मजलेदार वाहनतळ उभं राहिलं. उतारावर ते असं काही दिसतं की लोकांनी त्याचं नाव 'बुडतं जहाज' ठेवलं. एका हॉटेलाच्या जाण्याने गाव हादरलं. व्हिक्टर स्टाइनब्रूक या वास्तुविशारदासारखी माणसं पुढे आली आणि १९७० मध्ये तो सगळा भाग संरक्षित झाला. बुडतं जहाज अजून तिथेच आहे.

डेट्रॉइटची गोष्ट आणखी वेगळी. १९२६ मध्ये तिथे मिशिगन थिएटर उघडलं, सुमारे चार हजार खुर्च्या, नक्षीदार छत, झुंबरं. सत्तरच्या दशकात ते बंद पडलं. त्याला जोडून असलेल्या कार्यालयांच्या इमारतीतले भाडेकरू पार्किंग नाही म्हणून सोडून जायच्या बेतात होते. थिएटर पाडलं तर जोडइमारतीला धोका, म्हणून ते पाडलं नाही. आतून पोखरून १९७७ च्या सुमारास त्यात तीन मजली वाहनतळ केलं. आजही गाड्या उभ्या राहतात आणि वर फुटक्या गिलाव्याचं राजेशाही छत आहे. हेन्री फोर्ड यांनी १८९६ मध्ये ज्या शेडमध्ये आपली पहिली गाडी बनवली, ती शेडही याच जागेवर होती. लेखकाने कल्पनेने लिहिलं असतं तर संपादकाने "जरा जास्तच झालं" म्हणून परत पाठवलं असतं.

इथे एक सावधगिरी. डेट्रॉइटमध्ये पालिकेच्या अटीने थिएटर पोखरलं गेलं नाही, भाडेकरूंच्या मागणीने पोखरलं गेलं. पार्किंगविरोधी लिखाणात ही दोन कारणं सर्रास एकत्र केली जातात. सक्ती आणि मागणी वेगळ्या आहेत. अट काढून टाकली तरी मागणी राहतेच, आणि ती किती राहते हे मोजता आलं पाहिजे.

मोजायची संधी लॉस एंजेलिसने दिली. तिथली स्प्रिंग स्ट्रीट एके काळी बँकांची रांग होती, 'पश्चिमेची वॉल स्ट्रीट'. नंतर कचेऱ्या उठून गेल्या, वरचे मजले वर्षानुवर्षं रिकामे. १९९८ मध्ये टॉम गिलमोर या विकासकाने तिथल्या फोर्थ स्ट्रीटच्या चौकातल्या जुन्या इमारती घेतल्या. त्यात १९०४ची कॉन्टिनेंटल बिल्डिंगही होती, जिला शहराची पहिली गगनचुंबी इमारत म्हणतात. १९९९ मध्ये पालिकेने पुनर्वापराचा खास अध्यादेश केला: मध्यवर्ती भागातली १ जुलै १९७४ पूर्वीची व्यापारी इमारत घरांसाठी वापरायची असेल तर नवीन पार्किंग दाखवायची गरज नाही, असलेलं टिकवा म्हणजे झालं. एकेकाने बोर्डापुढे हात जोडायचे ते थांबलं. सवलतच नियम झाली.

पुढच्या दहाएक वर्षांत पन्नासहून अधिक जुन्या इमारतींत सुमारे सात हजार घरं झाली. मायकेल मॅनविल यांनी यावर २०१३ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यांना असं दिसलं की विकासकांनी पार्किंग देणं बंद केलं नाही. दिलं, पण कमी दिलं, आणि बऱ्याचदा इमारतीबाहेर, जवळच्या वाहनतळावर जागा घेऊन दिलं. जुन्या नियमात हे बसलं नसतं, कारण तिथे जागा त्याच प्लॉटवर हवी होती. म्हणजे कधी कधी अडसर संख्येपेक्षा 'कुठे' हा असतो. ही नेमकी गोष्ट मोठ्या आकडेवारीत दिसत नाही. इमारत-इमारत तपासावी लागते.

तरीही "पार्किंगची अट काढली म्हणून सात हजार घरं झाली" असं लिहिलंत तर परीक्षक तुम्हाला सोडणार नाही, आणि सोडूही नये. त्याच अध्यादेशाने घरांच्या घनतेचे नियमही सैल केले होते, आणि भूकंप व आगीच्या सुरक्षेसाठी जुन्या इमारतींना झेपतील असे पर्यायी मार्ग काढून दिले होते. वारसा इमारतींना केंद्र सरकारची करसवलत होती. त्याच वर्षांत घरांच्या किमती चढत होत्या. एवढी कारणं एकदम हलली की कुणाचा वाटा किती, हे वेगळं काढायला डोकं लागतं. शिवाय ती घरं कोणासाठी झाली हाही प्रश्न आहे. बेघरांची मोठी वस्ती असलेला स्किड रो तिथून काही गल्ल्यांवर आहे. रिकाम्या बँकेत दिवे लागले याचा आनंद मलाही होतो, पण त्या दिव्यांखाली कोण राहायला आलं आणि आसपासचं भाडं कोणाला झेपेनासं झालं, हे पार्किंगच्या निबंधांत फार थोडं येतं.

ज्यांना या विषयात खरंच काही करायचंय त्यांच्यासाठी आणखी एक अडचण सांगते. व्हेरिअन्सच्या फायलींत फक्त अर्ज करणारे दिसतात. वकील परवडला नाही, सुनावणीचे महिने भाडं भरत थांबता आलं नाही, किंवा पहिल्याच चौकशीत "पार्किंग नाही? मग सोडा" असं ऐकून परत गेलेला माणूस त्या फायलीत नाही. 'अर्जांपैकी इतके टक्के मंजूर' हा आकडा म्हणूनच फसवा आहे. मंजुरीचं प्रमाण जास्त असणं म्हणजे बोर्ड उदार आहे असं असेल, किंवा जिंकायची खात्री असलेलेच लोक अर्ज करतात असंही असेल. संख्याशास्त्रात याला निवडीचा दोष म्हणतात. त्या न आलेल्या माणसाला शोधायचं कसं? रिकाम्या दुकानांच्या नोंदी, व्यवसाय परवान्यांचे अर्धवट सोडलेले अर्ज, जुने नकाशे, विम्याचे नकाशे. कष्टाचं काम आहे, आणि अजून भरपूर शिल्लक आहे.

घाईही करायला हवी, कारण हा प्रकारच हळूहळू इतिहासजमा होतोय. २०१७ मध्ये बफेलोने शहरभरातली किमान पार्किंगची अट काढून टाकली. डॅनियल हेस आणि जेफ्री रेहलर यांनी त्यानंतरचे ३६ मोठे प्रकल्प तपासले. जवळपास निम्म्यांनी पूर्वीच्या अटीपेक्षा कमी पार्किंग दिलं, उरलेल्यांनी तेवढं किंवा जास्त दिलं. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून सार्वजनिक वाहतुकीच्या मोठ्या स्थानकांपासून अर्ध्या मैलाच्या आत अशी अट घालायला शहरांना बहुतांशी मनाई केली. आणि २०२४ मध्ये, जिथून हे सगळं सुरू झालं त्या ओहायोतल्या कोलंबसने आपल्या मुख्य रस्त्यांलगतच्या पट्ट्यांत ती अट रद्द केली. एकशे एक वर्षांनी.

अट गेली की सवलतीचा अर्ज करायची गरज उरत नाही, आणि अर्ज नाही म्हणजे सुनावणीचं इतिवृत्त नाही, शेजाऱ्यांची पत्रं नाहीत, बँकेच्या तळमजल्याचा हाताने काढलेला आराखडा नाही. पालिकांच्या रेकॉर्ड रूममध्ये जे आहे तेवढंच आता राहणार. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांनी बोर्डांची अलीकडची इतिवृत्तं ऑनलाइन ठेवली आहेत, इथे बसून वाचता येतात. एखादं मध्यम आकाराचं शहर निवडा, एक रस्ता निवडा, आणि पहिल्या सुनावणीत शेजारी काय म्हणाला तिथून सुरुवात करा.